शाळेचं तोंड साहेबाकडे

एप्रिल-मे म्हणजे आमच्या फ्लेक्सच्या धंद्याची सुगी. लग्नं, गावजत्रा आणि गेल्या काही वर्षांत त्यात भर पडली ती ‘प्रवेश सुरू’ची. तालुक्याच्या आसपास जेवढ्या इंग्लिश मीडियम शाळा निघाल्या, त्यांतल्या निम्म्यांचे तरी फ्लेक्स माझ्या मशीनवरून उतरलेत. साचा ठरलेला. मागे निळा-पांढरा ग्रेडियंट. उजवीकडे गुगलवरून उचललेली, आपल्या तालुक्यात कधी पाय न ठेवलेली गोरीगोमटी पोरं, अंगठा वर करून हसणारी. डावीकडे गोल चौकटींत डिजिटल क्लासरूम, सीसीटीव्ही, स्कूल बस, कराटे, अबॅकस. खाली संस्थापकांचा हात जोडलेला फोटो. शाळा बदलली की नाव आणि मोबाईल नंबर तेवढा बदलायचा. यात मला कधी वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, उधारी वसूल करायची.

२०२४ च्या मार्चमध्ये शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. त्यांनी मोबाईलमध्ये एका खासगी शाळेच्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. तो मीच केलेला. “दादा, आम्हाला अस्साच करून द्या,” म्हणाल्या, “फक्त जरा स्वस्तात.”

घाई कशाची होती ते मग कळलं. आदल्या वर्षी पहिलीला बोटांवर मोजण्याइतकी मुलं आली होती. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरतात त्यात, शिक्षकाचं एक पद जातं. पद गेलं की एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात आणि ते बघून आणखी चार पालक पोरांचे दाखले मागायला येतात. बाईंनी हे सगळं एका दमात सांगितलं. झेडपीच्या शिक्षकांना या विषयावर विचार करावा लागत नाही, तो त्यांच्या उशालाच असतो.

फ्लेक्स काढणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण मी पुण्याहून कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा करून आलेला माणूस (आयुष्य ‘भावी आमदार’ आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यांत चाललंय, तो भाग वेगळा). मला दिसत होतं की खासगी शाळेसारखा फ्लेक्स लावला तर पालक म्हणणार, मग खासगीच काय वाईट, तिची निदान गाडी तरी दारात येते. बाईंना तसं सांगितलं आणि शाळा बघायला येतो म्हणालो.

शाळा रस्त्याला लागूनच. जुनी कौलारू इमारत, तिला काटकोनात स्लॅबच्या दोन नव्या खोल्या, मध्ये ऐसपैस मैदान. फाटकातून आत शिरलं की भिंत न् भिंत लिहिलेली. मी वहीत उतरवत गेलो. यू-डायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीचा, अकरा आकडी क्रमांक. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावं, त्यांतले एक वारलेले. सखी सावित्री समिती. माहितीचा अधिकार, जनमाहिती अधिकारी, अपिलीय अधिकारी. पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. तंबाखूमुक्त शाळेचे निकष. मतदान केंद्राचा क्रमांक. मधे मधे सुविचार, आणि एका खोलीवर रेल्वेचा डबा रंगवायला घेऊन खिडक्यांपाशी सोडून दिलेला.

नावाच्या बोर्डावर सगळ्यांत मोठं अक्षर जिल्हा परिषदेचं. त्याखाली शिक्षण विभाग, पंचायत समिती, मग शाळांचे सरकारी गट, म्हणजे बीट आणि केंद्र. गावाचं नाव शेवटच्या ओळीत, ‘ता.’ आणि ‘जि.’ यांच्यामध्ये चेंगरलेलं.

हे सगळं वाचणार कोण, तर तपासणीला येणारे साहेब. त्यांच्या यादीत जे जे आहे ते ते भिंतीवर होतं. पाच-सहा वर्षांच्या पोराचा हात धरून फाटकाशी उभ्या राहिलेल्या आईला जे हवं असतं, म्हणजे इथं शिकवतं कोण, शिकवतात काय, माझ्या लेकीला लघवीला कुठं जावं लागेल, त्यातलं एक अक्षर कुठं नव्हतं. शाळेचं तोंड साहेबाकडे होतं आणि पाठ गावाकडे. मला जे काम करायचं होतं ते तिथंच, मैदानात उभ्या उभ्या समजलं. बाकीचं नुसतं रंगकाम.

आणि सरकारी शाळांचं ब्रँडिंग कधी झालंच नाही, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. पुढे भिंती खरवडताना आमच्या पेंटर तात्यांच्या पत्र्याखाली जे थर निघाले ते पाहायला हवे होते. वर समग्र शिक्षा, २०१८ ची. तिच्याखाली २०१५ चं प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्याखाली सर्व शिक्षा अभियानाची ती पेन्सिल, तिच्यावर बसलेली मुलगा-मुलगी आणि ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. अगदी तळाशी, चुन्यात बुडालेली, ऐंशीच्या दशकातल्या खडू-फळा मोहिमेची अर्धी ओळ. प्रत्येक योजनेला चिन्ह होतं, घोषवाक्य होतं, ठरलेले रंग होते. शाळेला स्वतःचं काही नव्हतं. ती भिंत भाड्यानं दिल्यासारखी होती. आता २०२२ पासून निवडक शाळांच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लागतं, ते त्याच ओळीतलं पुढचं.

शाळेतले तरुण सर मात्र मुंबईचं उदाहरण घेऊन बसले होते. तिथं महापालिकेनं २०२१ च्या सुमारास आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ म्हणायचं ठरवलं, नवा लोगो केला, सीबीएसईच्या शाळा काढल्या, आणि त्या प्रवेशांना रांगा लागल्या. “आपणही पब्लिक स्कूल लावू,” सर म्हणाले. मला ते पटलं नाही. मुंबईत रांगा लागल्या त्या फुकटातल्या सीबीएसईला. नुसतं नाव बदललेल्या मराठी शाळेसमोर रांग लागल्याचं मी तरी ऐकलं नाही. शिवाय नाव बदलणं ना बाईंच्या हातात होतं, ना समितीच्या. बोर्डावर कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं बारीक, एवढंच आमच्या हातात होतं, आणि त्यात पुष्कळ करता येतं.

भिंती रंगवण्याबद्दलही माझं मत जरा कडू आहे. साताऱ्याजवळ कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकायच्या पद्धतीनं, शिकवणाऱ्या शिक्षकांनी फरश्यांवर चौकटी, शब्द, संख्यांच्या पट्ट्या आखल्या, त्या मुलांच्या हातापायांसाठी होत्या. पोरं त्यावर बसायची, उड्या मारायची, खडे मांडायची. राज्यभरातून शिक्षक बघायला आले, आणि परत जाऊन बऱ्याच जणांनी फक्त फरश्या रंगवल्या. त्या रंगीत फरशीवर सतरंजी अंथरून पोरं पुन्हा फळ्याकडे तोंड करून बसलेली मी पाहिली आहेत. ‘बोलक्या भिंती’ म्हणतात, पण एका खोलीत चाळीस गोष्टी एकदम बोलायला लागल्या तर पोराला ऐकू काय येणार?

रेषा ओढण्याआधी मी गिऱ्हाइकांशी बोलायला सुरुवात केली. दुकानात पत्रिका छापायला येणारा प्रत्येक तरुण बाप मला त्या महिन्यात उपयोगी पडला. त्या गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत पहिलीपासून सेमी इंग्रजी आहे हे ठाऊक नव्हतं, शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असून. झेडपीत पहिली ते पाचवीला शिकवायला डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ज्या शाळेला फी भरतात तिथल्या टीचरचं शिक्षण काय हे त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं, हेही त्यांतूनच निघालं. एकानं सरळ सांगितलं, “दादा, फुकट मिळतंय म्हटल्यावर चांगलं कसं असंल?”

त्याच दिवसांत आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशांचा घोळ चालू होता. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब-वंचित मुलांच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. माझ्या दुकानाला लागून महा-ई-सेवा केंद्र आहे. तिथं फॉर्म भरायला आलेल्या एका बाईला यादीत आपल्याच गावची झेडपी शाळा दिसली. “ही तर अशीच मिळतीय की! मग फॉर्म कशाला भरायचा?” असं म्हणून ती जी उठली ती थेट बाहेर. पुढे ६ मे रोजी उच्च न्यायालयानं त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला, ते ठीकच झालं. पण त्या बाईचा चेहरा मी विसरलो नाही. ती शाळेला नावं ठेवत नव्हती. तिच्या लेखी ती शाळा निवडण्याजोग्या गोष्टींत नव्हतीच.

‘असर’ या शिक्षणावरच्या पाहणी अहवालाचे देशातल्या ग्रामीण भागाचे आकडेही हेच सांगतात. सहा ते चौदा वयाची सरकारी शाळेतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये ७२.९ झाली आणि २०२४ मध्ये परत ६६.८ वर आली. माझा त्यावरचा तर्क असा की लोक नाइलाजानं आले आणि हातात पैसा खेळायला लागल्यावर उठून गेले. आले होते तेव्हा त्यांना कुणी नीट आत बोलावून बसवलं नाही.

काम सुरू करताना मी बाईंना एक अट घातली: जे आहे तेच लिहायचं. पहिली ठिणगी तिथंच पडली. त्यांना ‘डिजिटल शाळा’ हवं होतं. प्रोजेक्टर होता, पण दिवा गेलेला, वर कापड टाकून ठेवलेला. मी म्हणालो, चालू करा, मग लिहितो. “खासगीवाले काय सगळं खरं लिहितात का?” बाई चिडल्या. नाही लिहीत, मला माहीत आहे, मीच छापतो. पण त्यांच्या शाळेत पालकाला गेटच्या आत सोडत नाहीत. इथं गावातलं कुणीही येऊन बघू शकतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचंही तेच झालं. ‘स्वच्छ व स्वतंत्र स्वच्छतागृह’ ही ओळ त्यांनी यादीत दिली होती. दाराची कडी तुटलेली, पाण्याची टाकी गळकी. मी ओळ खोडली. बाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर फोन आला, “कडी बसवली, टाकी बदलली, या बघायला.” त्या सगळ्या कामातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट कुठली म्हणाल तर मी ती खोडलेली ओळ म्हणेन, आणि तिला डिझाइन म्हणायचं का हे तुम्ही ठरवा.

चिन्ह काय घ्यायचं यावर समितीची बैठक बसली. उगवता सूर्य, उघडं पुस्तक, मशाल, समई, सरस्वतीचा मोर, सगळे नेहमीचे पाहुणे येऊन गेले. निवडणुकीच्या तोंडावर यांतलं निम्मं तर कुठल्या ना कुठल्या पक्षाचं. तेवढ्यात मधली सुट्टी संपली आणि टोल पडला. या शाळेला विजेची घंटा नाही. ओट्यावर आडव्या दांडीला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आहे, त्यावर लोखंडी कांब मारायची. तो तिथं कधी आला हे कुणालाच सांगता आलं नाही. बैठकीतले आजोबा म्हणाले, आमच्या वेळी होता. त्यांच्या वडिलांच्या वेळीही होता म्हणे. शिवारात भांगलणाऱ्या बायका अजून त्याच्यावर वेळ ओळखतात. मी तिथंच पाठकोऱ्या कागदावर आडवी जाड पट्टी, वर दोन तारा, बाजूला तिरकी कांब, असं काढलं. चौथीतल्या पोरांना दाखवलं. “आमचा टोल!” बास. मोठ्या माणसांना मात्र तो शेवटपर्यंत हातोडा वाटत राहिला.

‘स्थापना’ लिहायची होती म्हणून बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. हे रजिस्टर त्यांच्याकडे नुकतंच फार हाताळलं गेलं होतं. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायच्या निघाल्या तेव्हा जुनी दप्तरं बाहेर आली आणि मुंबई-पुण्याला गेलेली माणसं सुद्धा पणजोबाचं नाव बघायला शाळेत येऊन गेली. जाड पुठ्ठा, वाळवीनं कडा खाल्लेल्या, बोरूनं लिहिलेली अक्षरं. पहिल्या पानांवर नुसतं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारखेच्या जागी बऱ्याच ठिकाणी अंदाज. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात ‘शेतीकाम’, ‘शेतीकाम’, ‘गाव सोडले’, ‘मयत’, परत ‘शेतीकाम’. गावातल्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी त्यात आहे. एवढा ऐवज तालुक्यातल्या कुठल्याच खासगी शाळेकडे नाही, आणि शाळेनं तो कुलपात ठेवला होता. आम्ही रजिस्टरच्या पहिल्या पानाचा फोटो, जातीचा रकाना झाकून, मोठा करून ओट्यावरच्या भिंतीला फ्रेममध्ये लावला. जुनी माणसं येऊन बोट ठेवून वाचायला लागली.

अक्षरांचा प्रश्न मी जरा जास्तच धसाला लावला असेल, पण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. संगणकावरच्या बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. २००९ च्या शासन निर्णयापासून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरलेला आहे, पहिलीच्या पुस्तकातही तोच. म्हणजे पोरगं आत पाटीवर एक ‘शाळा’ गिरवणार आणि फाटकावर वेगळीच ‘शाळा’ वाचणार. काही चांगल्या मोफत फाँटमध्ये मराठी वळण आत दिलेलं असतं, भाषा मराठी निवडली की उमटतं, पण माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या कोरलमध्ये, ती सोय चालत नव्हती. म्हणून मी तात्यांकडे गेलो.

तात्या म्हणजे आमच्या तालुक्याचे एके काळचे नावाजलेले पेंटर. दुकानांच्या पाट्या, एसटी स्टँडवरच्या जाहिराती, कुस्त्यांच्या मैदानाचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. तो फ्लेक्स आणणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे आमचं बोलणं बेताचंच. मी कागदावर चौकट आखून नेली. त्यांनी चष्मा वर सरकवला, माझा ‘ळ’ बघितला आणि म्हणाले, “याचं पोट सुटलंय.” मग स्वतः खडूनं भिंतीवर काढून दाखवला. सुतळीला नीळ लावून दोन माणसांनी ती ताणली, झटका मारला, भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली, तिच्यावर शिरोरेषा बसली. गावाचं नाव सगळ्यांत वर, दीड फुटी अक्षरांत. त्याखाली ‘मराठी शाळा’, कारण गावात सगळे तिला तेच म्हणतात. जिल्हा परिषदेचं पूर्ण अधिकृत नाव तिसऱ्या ओळीत, पूर्ण आणि वाचता येईल असं. रंग दोनच: जुन्या कौलांचा तांबडा आणि पांढरा. दुकानाला फ्लेक्सचं काम मिळालं नाही याचं वाईट वाटलं असं म्हणणार नाही. उन्हाच्या तोंडावर फ्लेक्स वर्षात विटतो, ऑइल पेंट टिकतो.

केंद्रप्रमुखांनी अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली. समितीची नावं कुठं, माहितीचा अधिकार कुठं, तपासणीत विचारलं तर? त्यांचं चुकत नव्हतं. ते फलक लावावेच लागतात आणि १०९८ सारखा नंबर तर पोरांना दिसायलाच हवा. आम्ही कार्यालयाच्या दाराशी एकच मोठा फलक केला, सगळी वैधानिक माहिती एका मापाच्या खणांत, बदलणारी नावं पट्टीवर, म्हणजे माणूस वारला की नाव काढता येईल. १०९८ मात्र पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला, पाण्याच्या टाकीपाशी. साहेबांनी नंतर तपासणीत तोच फलक उभ्या उभ्या दोन मिनिटांत वाचून काढला आणि खूश झाले. आधी त्यांना सगळी शाळा फिरावी लागायची.

पैशाचं थोडक्यात सांगतो. शंभरच्या आत पट असलेल्या अशा शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार (तीसपर्यंत पट असेल तर दहाच), आणि त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं. त्यातून रंगकाम निघणं शक्य नव्हतं. रजिस्टरच्या पानाचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि लोकवर्गणी जमली. पावत्या फाडल्या, हिशेब फळ्यावर लावला. मी माझे डिझाइनचे पैसे घेतले नाहीत, मशीनचे घेतले.

फ्लेक्स एक केलाच, स्टँडसमोर लावायला. आचारसंहिता १६ मार्चलाच लागली होती, त्यामुळे वरच्या पट्टीत कुणाकुणाचे फोटो हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न आपोआप सुटला. जिल्हा परिषदेवर तर तेव्हा २०२२ पासून प्रशासकच होते, म्हणजे मेंबरचा फोटोही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला फ्लेक्सची पूर्ण जागा मिळाली. त्यावर पोरांचे चेहरे नकोत असं मी म्हणालो. पहिलीतल्या एका मुलीच्या वहीची दोन पानं घेतली, तिच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेऊन, नाव न टाकता. डावीकडे जूनचं पान: वेड्यावाकड्या उभ्या रेघा, दोन गोल, एक फाटलेला कोपरा. उजवीकडे मार्चचं: ‘आमची म्हैस व्याली. तिला रेडकू झाले. आजीने खरवस केला. मी दोन वाट्या खाल्ला.’ ‘व्याली’खाली वर्गशिक्षिकेच्या लाल पेनाची रेघ आणि बाजूला दुरुस्त केलेलं अक्षर. ती लाल रेघ फोटोशॉपमध्ये पुसून टाका, असा वर्गशिक्षिकेचा आग्रह होता. मी ठेवली. वही कुणीतरी तपासतंय, हे त्या रेघेशिवाय कसं कळणार? खाली एकच ओळ: ‘पहिली. जून ते मार्च.’ आणि शाळेचं नाव, टोलाचं चिन्ह. मोबाईल नंबर बाईंचा.

आमच्याकडचं मतदान ७ मे ला होतं. शाळा मतदान केंद्र, म्हणजे त्या दिवशी अख्खं गाव शाळेत येणार, ज्यांची पोरं तालुक्याला जातात तेही. तोवर काम संपवायचं हे मी बाईंना सुरुवातीलाच बजावलं होतं. आदल्या दिवशी पोलिंग पार्टी आली. केंद्राध्यक्षांची नजर थेट चिन्हावर. “हा हातोडा कुणाचा?” कुठल्या उमेदवाराची निशाणी निघाली तर कागद चिकटवून झाकावी लागेल म्हणाले. शिपाई त्यांना ओट्यावर घेऊन गेला आणि टांगलेला रूळ दाखवला. त्यांनी यादी काढून सगळी चिन्हं ताडून बघितली, मगच सोडलं. दुसऱ्या दिवशी उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना करायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी ‘इथं शिकवतं कोण’ हा फलक वाचला: प्रत्येक शिक्षकाचं नाव, शिक्षण, कुठला वर्ग, किती वर्षं या शाळेत. स्वच्छतागृहात डोकावून आले. दोन-तीन सुनांनी मतदान करून बाहेर पडताना बाईंचा नंबर मोबाईलमध्ये घेतला, हे मी स्वतः पाहिलं.

जूनमध्ये पहिलीला आदल्या वर्षीपेक्षा बरी मुलं आली, दोन तर तालुक्याच्या इंग्लिश मीडियममधून परत. हे माझ्या अक्षरांमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आरटीईच्या गोंधळाला कंटाळून आलेलेही त्यांत असणार, आणि एका घराला व्हॅनचं भाडं झेपत नव्हतं. तांबड्या-पांढऱ्याशी जुळणाऱ्या गणवेशाचं आम्ही कापड सुद्धा बघून ठेवलं होतं, तर त्याच वर्षी राज्यभर एकच गणवेश ठरला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, तोही वेळेवर आला नाही आणि आला तेव्हा एकाच्या बाह्या कोपरापर्यंत, दुसऱ्याची पँट बगलेत. डिसेंबरमध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचं काम परत समित्यांकडे आलं. प्रोजेक्टर वर्षअखेरीस चालू झाला. ‘डिजिटल’ हा शब्द बाईंनी नंतर मागितला नाही.

आता नवीनच प्रकरण सुरू झालंय. साहेबांना शाळा आवडली, आणि केंद्रातल्या सगळ्या शाळांनी ‘याप्रमाणे करून घ्यावे’ असा तोंडी निरोप गेला. एकापाठोपाठ एक मुख्याध्यापक दुकानात येतात, मोबाईलमध्ये त्या फाटकाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, “अस्संच पाहिजे.” तोच तांबडा, तोच टोल. त्यांतल्या तिघांच्या शाळेत विजेची बेल आहे. मी त्यांना अक्षरांची मापं देतो, फलकाच्या खणांची आखणी देतो, तात्यांचा नंबर देतो. चिन्ह देत नाही. बदल्यांचा हंगाम चालू असल्यामुळे एक सर जरा घायकुतीला आले होते. म्हणाले, “मग आमच्या शाळेचं काय काढू?” मी विचारलं, पोरं मधल्या सुट्टीत कुठं जमतात? ते म्हणाले, बघून सांगतो.